बिघडलेली काच

त्याची नखं निळी होती. साबण झाला, राख झाली, रॉकेल झालं. निळं काही हटेना. अठ्ठावीस वर्षं रोज काचेच्या पट्ट्या रंगात बुडवायच्या म्हटल्यावर रंग तरी किती दिवस पाहुण्यासारखा वागेल? तो घरचाच झाला. बायको म्हणायची, "अहो, उद्या कुठे हरवलात तर मला फोटो द्यायची गरज नाही. सांगीन, हात बघा."

हॉस्पिटलात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे रंगारी म्हणत. हजेरीपटावर काय लिहिलं होतं ते हजेरीपटालाच माहीत.

त्याची खोली तळमजल्यावर, जिन्याखालून जाणाऱ्या बोळाच्या टोकाला होती. एक ओटा, एक बेसिन, नळाला लावलेली रबरी नळी, ओळीने मांडलेल्या रंगांच्या बरण्या, काचा सुकवायची लाकडी घोडी, आणि कोपऱ्यात मायक्रोस्कोप. घरी जाताना तो मायक्रोस्कोपवर बायकोने शिवलेलं कापडी टोपडं चढवी, लहान मुलाला थंडीत चढवावं तसं. शेजारच्या खोलीत डॉक्टर मॅडम पेशंटच्या गाठीत सुई घालत. मानेला, काखेत, जांघेत आलेली गाठ दोन बोटांच्या चिमटीत धरायची, बारीक सुई आत सरकवायची, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढायचा. सुईत थेंबभर जे येईल ते काचेवर सोडायचं आणि दुसऱ्या काचेने पातळ पसरायचं. एक काच लगेच स्पिरिटात, दुसरी हवेत हलवून वाळवायची. मग दोन्ही काचा मधल्या खिडकीतून रंगाऱ्याकडे.

रंग दिल्याशिवाय पेशी दिसत नाहीत. त्या असतात, पण पाण्यात पाण्याने काढलेल्या चित्रासारख्या. माणसाला कसलं दुखणं आहे हे तो थेंब सांगत असतो. रंगारी त्याला वाचा देत असे. असं तो कधी बोलून दाखवत नसे. कोणी विचारलंच तर म्हणे, "मी धुतो आणि बुडवतो. बाकी मॅडम बघतात."

बाप कापड रंगवणारा होता. सुताच्या लडी आणि थान उकळत्या हंड्यात बुडवून काढणारा. लहानपणी रंगाऱ्याने कधी डागाळलेलं थान बापापुढे धरलं आणि "कापडच वाईट आहे" म्हणाला, की पाठीत धपाटा बसे. "कापड कधी चुकत नाही. पाण्याला विचार, आचेला विचार, स्वतःला विचार. कापडाला दोष देतो तो रंगारी नव्हे, दलाल." ते वाक्य त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्याला ते वाक्य वाटतच नसे. श्वासासारखं होतं ते.

त्यातून त्याचा नियम तयार झाला: बिघडलेली काच या ओट्यावरून पुढे जाणार नाही. रंग दिल्यावर प्रत्येक काच तो आधी स्वतः मायक्रोस्कोपखाली बघे. रंगाचा गाळ बसला असेल, डाग असतील, ओरखडे असतील, तर ती मॅडमपुढे जायचीच नाही. थेट लाल बादलीत, जंतुनाशकाच्या पाण्यात. दुसरी काच असेल तर ती नव्याने रंगवायची, नसेल तर चिठ्ठी: "नमुना पुन्हा घ्यावा." या नियमाचं हॉस्पिटलभर कौतुक होतं. बाहेरगावचे डॉक्टर यायचे आणि मॅडम अभिमानाने सांगायच्या, "आमच्या काकांची काच म्हणजे आरसा." रंगारी तेव्हा बरणीचं झाकण विनाकारण घट्ट करत उभा राहायचा.

गुरुवारी एचआयव्हीचे पेशंट येत. त्यांच्या औषधांचा विभाग वरच्या मजल्यावर होता, आणि कुणाला गाठ आली की त्याला खाली पाठवत. त्या दिवशी बोळात कुणाच्या नावाचा पुकारा होत नसे; नंबर असत. पण मावशीला नंबर लक्षात राहत नसत. मावशी म्हणजे सुईच्या खोलीतली आया. पेशंटला धरायचं, वजन करायचं, आत-बाहेर सोडायचं, सगळं तिच्याकडे. तिने प्रत्येकाला आपलं एक नाव देऊन टाकलं होतं. छत्री. दोन डबे. हसरा. आणि पेशंटला पलंगावर बसवलं की दिवसातून पंधरा वेळा तोच विनोद: "हलायचं नाही हं. हललास तर गाठ माझ्याशी आहे!" पेशंट हसायचा, मान सैल पडायची, तेवढ्यात मॅडमची सुई आत.

कॉलर पहिल्यांदा आली ती अशाच एका गुरुवारी. तिशी ओलांडलेली बाई, पुरुषी शर्ट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. उकाड्यात सुद्धा. मावशीने बारसं तिथल्या तिथे उरकलं.

"कॉलर, बटण काढ बाई. गाठ कापडातून थोडीच टोचणार?"

"कॉलरच शिवते मी," ती म्हणाली. "शर्टांच्या कारखान्यात. दिवसाला दोनशे कॉलरी. त्यामुळे झाकायचं कसं ते चांगलं कळतं."

मानेच्या डाव्या बाजूला गाठींची माळच होती, एक तर लिंबाएवढी. मॅडमनी बोटांनी चाचपली. "कधीपासून?"

"दोन महिने झाले. संध्याकाळी ताप भरतो. शेजारची मशीनवाली आता खुर्ची सरकवून बसते. विचारत काही नाही. सरकवते."

"भीती वाटते का सुईची?"

"मॅडम, माझा जन्म सुईत गेला. एकदा तर बोटातून आरपार गेली होती, तरी कॉलर पुरी केली." मग आवाज जरा उतरला. "मला फक्त हे आहे काय ते लवकर सांगा. माझी एक मुलगी आहे. अकरा वर्षांची. आम्ही दोघीच. बहीण म्हणते, बरं होणारं दुखणं असेल तर ठीक, नाहीतर पोरीला आत्ताच माझ्याकडे पाठव, नवी शाळा सुरू व्हायच्या आत. तिचं गाव लांब आहे. मी म्हटलं, थांब, आधी कळू दे. महिनाभराची मुदत दिलीय तिने."

"टीबी असेल तर औषधाने बरा होतो," मॅडम म्हणाल्या. "पण गाठींचा कॅन्सरही असाच दिसतो. एकाचं औषध दुसऱ्याला देऊन चालत नाही. म्हणून सुई."

मधल्या खिडकीच्या पलीकडे रंगारी हे ऐकत होता. ऐकणं हे त्याचं काम नव्हतं, पण खिडकीला कान नसतात असं कोण म्हणतं?

सुईत आलं ते पातळ, पिवळसर, पुवासारखं. थेंबच एवढासा की दोन काचांत संपला. स्पिरिटातल्या काचेवर मॅडमना काहीच सापडलं नाही, नुसता मेलेल्या पेशींचा चिखल. सगळी भिस्त वाळवलेल्या काचेवर होती. रंगाऱ्याने ती निळ्या-जांभळ्या रंगात बुडवली, घड्याळ लावून काढली, धुतली, पुसली, मायक्रोस्कोपखाली घेतली, आणि कपाळाला आठी घातली.

निळ्या चिखलावर बारीक बारीक फिकट रेघा होत्या. केसाच्या तुकड्यासारख्या. जिथे तिथे. जसं कुणी ओल्या रंगावर टाचणीच्या टोकाने ओरबाडलं असावं. रेघेच्या जागी रंगच नव्हता.

त्याने जिभेने च्च केलं. रंगाची बाटली हलवून पाहिली. तळाशी जरा गाळ होता. जुनी झाली. काच लाल बादलीत गेली, आणि मॅडमच्या टेबलावर चिठ्ठी गेली.

"काय झालं काका?"

"रंग दगा देऊन गेला मॅडम. माझीच चूक. बाटली बदलायला हवी होती."

"हरकत नाही. टोचलेली जागा निवायला हवी. दोन आठवड्यांनी बोलवते."

दोन आठवड्यांनी कॉलर आली तेव्हा मावशीच्या वजनकाट्यावर दोन किलो कमी भरली. गाठ चिमटीत धरली, गाठ माझ्याशी आहे झालं, सुई झाली. या वेळी रंगारी तयारीत होता. रंगाची नवी बाटली फोडली होती, फिल्टर कागदातून दोनदा गाळली होती. बरण्या उकळत्या पाण्याने धुतल्या होत्या.

काच मायक्रोस्कोपखाली आली. रेघा. तशाच. उलट जास्तच.

तो बराच वेळ स्टुलावर बसून राहिला. पाणी, त्याच्या मनात आलं. पाणी जरा आंबट असलं की हा रंग नीट चढत नाही, हे प्रत्येक रंगाऱ्याला माहीत असतं. म्युनिसिपालटीने टाकी साफ केली असणार. त्याने काच बादलीत टाकली. पाण्याचा बंदोबस्त करायचा मनाशी ठरवलं, आणि दुसऱ्यांदा चिठ्ठी लिहिली. लिहिताना हात जरा जड झाला. पण बिघडलेली काच पुढे द्यायची, तीही अशा पेशंटची, जिथे टीबी की कॅन्सर असा प्रश्न आहे? उद्या त्या रेघांमुळे मॅडमचा गैरसमज झाला तर? ते त्याच्याने होणं नव्हतं.

मॅडमनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढून डोळे चोळले. "काका, हिच्याच बाबतीत का असं व्हावं? सर्जन म्हणतात, पुढच्या वेळी जमलं नाही तर गाठ कापून काढू. तिच्या अंगात तेवढी ताकद नाही हो. जखम भरायची नाही."

"पुढच्या वेळी आरसा देतो मॅडम," रंगारी म्हणाला.

घरी तो रविवारभर पाण्याच्या मागे लागला. हॉस्पिटलातून आणलेल्या कागदाच्या पट्ट्या पाण्यात बुडवायच्या, रंग बदलतो का बघायचं, पुडीतलं मीठ मोजून घालायचं, परत बुडवायच्या. स्वयंपाकघराचा अर्धा ओटा त्याने अडवला. बायको एका शाळेच्या ऑफिसात दाखले लिहायची. त्याच्या कामामागे घरात सुद्धा रांगेत उभं राहायची तिला सवय होती, पण त्या दिवशी तिचाही तोल गेला.

"नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. तुमचं उलटंच. अंगण वाकडं असलं तरी तुम्ही म्हणणार, माझेच पाय तिरके!"

"पाय तिरकेच असतात," तो म्हणाला. "अंगण बिचारं काय करणार?"

"कधीतरी अंगणाकडेही बघा."

तो हसला नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि भांड्यांची आदळआपट थांबवली. "कोण आहे हो ती बाई?" त्याने सांगितलं. मुलीचंही सांगितलं, बहिणीने दिलेल्या मुदतीचंही. बायको जरा वेळाने म्हणाली, "शाळा सोडल्याचा दाखला एकदा फाडला की तो नुसता कागद नसतो हो. नवी शाळा, नवं गाव, नवी बाकं. मग वर्ष संपेपर्यंत पोर तिथलंच. मी रोज फाडते म्हणून सांगते." आणि तिने ओट्याचा उरलेला अर्धा भागही त्याच्यासाठी रिकामा केला.

तिसऱ्या वेळी कॉलर लवकर आली आणि बोळातल्या बाकावर बसून राहिली. शर्टाची कॉलर आता सैल झाली होती. मान तिच्यात बरणीतल्या चमच्यासारखी हलत होती. वजन आणखी दोन किलोंनी खाली. रंगारी सहसा बोळात येत नसे. त्या दिवशी आला, आणि काय बोलावं न कळून नळी गुंडाळत उभा राहिला.

तिने त्याच्या नखांकडे पाहिलं. "तुम्हीच का ते? रंग देणारे?"

"हो."

"माझाच बरा बिघडतो."

"या वेळी नाही बिघडणार, ताई. पाणी बदललंय. रंग बदललाय. सगळं बदललंय."

"मुलगी गेली परवा," ती म्हणाली. कुणी वेळ विचारावी आणि सांगावी तसं. "बहीण येऊन घेऊन गेली. मुदत संपली होती. मी म्हटलं असतं थांब, पण कशाच्या जोरावर म्हणू? तुमच्या चिठ्ठीच्या? पोरीने जाताना मागे वळून पाहिलं नाही. तिला वाटतं मीच हाकललं."

रंगाऱ्याच्या हातातली नळी खाली पडली. ती त्याने उचलली.

"हे शेवटचं," कॉलर म्हणाली. "आज नाही जमलं तर परत नाही यायची. कापूही देणार नाही." मग जरा थांबून, जणू त्याचीच कीव आल्यासारखी म्हणाली, "दादा, एक विचारू? राग नका मानू. आमच्याकडे मशीनचा टाका सुटायला लागला की आम्ही आधी सुई बदलतो. मग दोरा. मग तेल घालतो. तरी सुटतोच. मग आमचा मास्तर काय करतो माहितीये? दुसरं कापड घेतो आणि त्याच मशीनवर, त्याच दोऱ्याने शिवून बघतो. त्याच्यावर नीट बसला टाका, तर मशीनला शिव्या द्यायच्या नाहीत. खोट कापडात आहे. त्यात खळ असते, नाहीतर काही ना काही असतं. तुम्ही बघता का असं? दुसऱ्या कुणाचं?"

"आमच्याकडे कापडाला दोष देत नाहीत," तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

"दोष कुठे देते मी? खोट म्हणजे काय, कापडात काय आहे ते कळतं, एवढंच."

मावशीने हाक मारली. कॉलर आत गेली.

त्या सकाळी त्याच्याकडे हसऱ्याच्याही काचा आल्या होत्या, काखेतल्या गाठीच्या. रंगाऱ्याने त्यातली एक उचलली, कॉलरची एक उचलली, आणि दोन्ही एकाच बरणीत, एकाच वेळी, शेजारी शेजारी उभ्या केल्या. बरोबर काढल्या. एकाच नळाखाली धुतल्या. आधी हसऱ्याची बघितली. स्वच्छ. पेशीन् पेशी मोजून घ्यावी अशी. खरोखर आरसा.

मग कॉलरची. रेघा.

सगळीकडे रेघा. पुवाच्या पेशींच्या आत, पेशींच्या बाहेर, जुडग्याजुडग्यांनी. त्याने लेन्सवर तेलाचा थेंब सोडला आणि आणखी जवळ गेला. इतका जवळ तो कधी जातच नसे. बिघडलेल्या काचेत बघायचं तरी काय? आता दिसलं. ओरखडा असता तर काचेच्या एका टोकाकडून दुसरीकडे गेला असता. या रेघा सगळ्या एका मापाच्या होत्या. किंचित वाकलेल्या. टोकं बोथट. त्या ओरखडे नव्हत्या. त्या वस्तू होत्या. रंगात बुडूनही रंग न घेतलेल्या.

तो उठला तेव्हा स्टूल मागे पडलं. काच हातात घेऊन तो मॅडमच्या दारात उभा राहिला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तो बिघडलेली काच घेऊन तिथे आला होता.

"मॅडम, ही खराब आहे," तो म्हणाला. "पण बघा."

मॅडमनी बघितलं. एक बोट मायक्रोस्कोपच्या चाकावर थबकलं. "काका," त्या हळूच म्हणाल्या, "हिच्यावरच लाल रंग चढवा. आत्ता."

त्याने निळा धुऊन काढला. टीबीचा लाल रंग वर ओतला आणि खालून स्पिरिटचा पेटता बोळा फिरवत राहिला, वाफ निघेपर्यंत, पण उकळू न देता. टीबीच्या जंतूला मेणाचं कवच असतं. साधा रंग त्यात शिरत नाही. त्याला आच लागते. आणि एकदा का शिरला, की आम्लाने धुतला तरी निघत नाही. हे सगळं रंगाऱ्याला पाठ होतं. थुंकीच्या काचा तो रोज अशाच रंगवायचा. फक्त रंग न चढणं म्हणजेही काही सांगणं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि बापाने तर उलटंच शिकवलं होतं.

आम्लाने धुऊन वर पुन्हा फिकट निळा दिला, आणि काच मॅडमच्या मायक्रोस्कोपखाली गेली. निळ्यावर लाल काड्या. मोजता येणार नाहीत इतक्या. आगपेटी सांडावी तशा.

"टीबी," मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकल्या. "धडधाकट अंग असतं ना, तर ते जंतूंभोवती कुंपण घालतं. पेशींचं. आम्ही ते कुंपण बघून ओळखतो. हिचं अंग इतकं थकलंय की कुंपण घालायलाही कुणी उठलं नाही. म्हणून मला काही सापडेना. नुसते जंतूच जंतू." मग त्या थांबल्या. "काका, आधीच्या दोन काचांवर पण..."

आता, त्या काचा लाल बादलीतून केव्हाच गेल्या होत्या. कुठल्या कचऱ्यात, कुठल्या भट्टीत, देव जाणे. बाटलीत गाळ होता, पाणी आंबट होतं, असं तो म्हणाला असता तर जगात कुणालाही ते खोडता आलं नसतं. त्याला स्वतःला सुद्धा दोन दिवसांनी ते खरंच वाटलं असतं.

"हेच होतं," तो म्हणाला. "दोन्हींवर. पहिल्या दिवसापासून. मी टाकून दिलं."

बाहेर मावशी कुणाला तरी वजनकाट्यावरून उतरवत होती. "चार आठवडे," मॅडम म्हणाल्या. "मी एकदा तरी म्हणायला हवं होतं, बिघडलेली दाखवा म्हणून. लाल रंगही पहिल्याच दिवशी मागायला हवा होता. आरसा, आरसा करत बसले." त्यांनी कागद पुढे ओढला आणि रिपोर्ट लिहायला घेतला. "मी सांगते तिला."

"टीबीचं तुम्ही सांगा. माझं मी सांगतो."

कॉलर बाकावरच होती. काच सुकेपर्यंत जायचं नाही, अशी मावशीची ताकीद होती. मॅडमनी तिला सांगितलं: टीबी आहे, औषध आजच सुरू होईल, वरच्या मजल्यावरून मिळणाऱ्या गोळ्यांशी त्याचा मेळ घालावा लागेल, सहा महिने तरी चालेल, गाठी विरघळतील. कॉलर ऐकत राहिली. एकदाच तिने विचारलं, "कापायचं नाही?" मॅडम नाही म्हणाल्या. मावशीने तिची पाठ थोपटली. मग मॅडम आत गेल्या, आणि रंगारी पुढे झाला.

त्याने सगळं सांगितलं. बाटली, पाणी, बादली. काही गाळलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे पहिल्या दिवशी कळलं असतं."

"हो."

"मी बहिणीला थांब म्हटलं असतं."

"हो."

"आता बहीण म्हणेल, दाखला झाला, नाव घातलं, वर्ष मोडायचं नाही. आणि ते तिचं बरोबरच असेल." ती उठली. तिने शर्टाचं वरचं बटण लावलं, मग तिचं तिलाच काही वाटून परत काढलं. "तुम्ही चांगले आहात दादा. तेच तर. वाईट असता तर ती काच तशीच पुढे ढकलली असती, आणि माझी पोर घरी असती."

मावशीने तोंडावर पदर धरला.

दुसऱ्या दिवसापासून खोलीचा नियम बदलला. लाल बादलीत जाण्याआधी प्रत्येक बिघडलेली काच मॅडमच्या टेबलावर जाऊ लागली, वेगळ्या ट्रेमध्ये. रंगारी त्यावर चिठ्ठी लावी: "रंग बसला नाही. का, ते कळत नाही." अशी चिठ्ठी लिहिणं त्याला फार जड जाई. कधी कधी ती खरोखरच नुसती बिघडलेली असे. मॅडम हसून परत पाठवत. कधी नसे. त्या वर्षी दोनदा नव्हती.

कॉलर दर महिन्याला वर औषधं न्यायला येई. मावशी तिला जिन्यात गाठून वजन विचारी आणि बोळात येऊन ओरडून सांगे, "रंगारीबुवा, दीड किलो!" जणू रंगाऱ्याचंच वजन वाढलं होतं. पण कॉलर खाली येत नसे. रंगाऱ्याला ते रास्त वाटे. बायको म्हणाली, "तुम्ही एकदा वर जाऊन विचारपूस का नाही करत?" तो म्हणाला, "तिच्या दारात उभं राहून मला बरं वाटून घ्यायचं? ते नको."

शाळांची सुट्टी लागली, त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी, त्याच्या खोलीच्या दारात दोघीजणी उभ्या राहिल्या. कॉलरच्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती आणि मान मानेसारखी दिसत होती. शेजारी एक उंच, सडपातळ मुलगी, हाताची घडी घालून.

"कधी आली?" रंगाऱ्याने विचारलं.

"काल. आता इथेच. नाव परत घातलं जुन्या शाळेत," कॉलर म्हणाली. "तिला बघायचं होतं."

मुलीने त्याच्या नखांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "तुम्हीच का काच टाकणारे?"

"अगं," आई म्हणाली.

"हो," रंगारी म्हणाला. "मीच."

"का टाकलीत?"

"मला वाटलं खराब आहे."

मुलीने यावर विचार केला. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. "मला दाखवा. आईच्या गळ्यात काय होतं ते."

तिसरी काच त्याने जपून ठेवली होती, लाल रंगाची. त्याने मायक्रोस्कोपचं टोपडं काढलं, काच लावली, तेलाचा थेंब सोडला, स्टूल तिच्या उंचीचं केलं. मुलीने एक डोळा मिटला, मग दुसरा, मग तिला जमलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"हे लाल-लाल?"

"तेच."

"पण हे तर ढळढळीत दिसतंय!" डोळा न काढता ती म्हणाली. "हे तुम्हाला दिसलं नाही?"

तेव्हा ते लाल नव्हतं, असं सांगायला रंगाऱ्याने तोंड उघडलं होतं. त्याने दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. तीही त्याच्याकडेच पाहत होती, काय म्हणतोय ते ऐकायला.

"नाही दिसलं," तो म्हणाला.

"चष्मा लावा," मुलगी म्हणाली, आणि चाक कसं फिरवायचं ते विचारू लागली.